हुकूम क्रमांक ७७० आणि रुमानियाच्या मुली

मुलगी वयात येते ही घटना आपल्याकडे घरापुरती असते. आई, आजी, मावशी यांच्या कुजबुजीत ती बातमी येते आणि तिथेच राहते. पूर्वी नहाणाचा सोहळा करीत, मुलीला मखरात बसवीत, ओटी भरीत. त्या रीतीत मुलीचे कौतुक किती आणि तिच्यावर पडणारे बंधन किती, हा वेगळा वाद आहे. परंतु मुलीच्या शरीरात झालेला हा बदल सरकारच्या नियोजनाच्या हिशेबात धरला जावा, आणि पुढे ती कामाला लागल्यावर तिच्या पोटी मूल आहे की नाही हे पाहावयास कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरला बसवावे, असे कोणी आपल्या आजीला सांगितले असते तर तिचा विश्वास बसला नसता. युरोपातील रुमानिया या देशात १९६६ ते १९८९ अशी तेवीस वर्षे हे राज्य चालले. त्या तेवीस वर्षांचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. रुमानियाकडे माझे लक्ष जाण्याचे कारण साधे आहे. त्या हुकुमानंतर जन्मलेल्या मुली आज माझ्याच वयाच्या आहेत, आणि त्यांच्या आयांवर जी पाळत होती तिचे एक मोठे ठाणे कारखाना हेच होते. कारखान्यातील माणसाला याचा विचार केल्यावाचून राहवत नाही.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर रुमानियात कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आली. राजा गेला, जमीनदार गेले, कारखाने सरकारी झाले. स्त्रीपुरुष समान आहेत असे राज्यघटनेत लिहिले गेले. १९४७ साली आना पाउकर ही बाई देशाची परराष्ट्रमंत्री झाली. त्या काळी जगात हे नवलच होते. मुली शाळेत गेल्या, कॉलेजात गेल्या, यंत्रावर उभ्या राहिल्या. १९५७ साली गर्भपाताला कायद्याने मोकळीक मिळाली. हे सारे मान्य केले पाहिजे. जे दिले ते दिले म्हणावे. नाही तर जे काढून घेतले त्याचा हिशेब कोणी ऐकणार नाही.

परंतु या समानतेची एक बाजू कागदावरच राहिली. बाई कारखान्यात आठ तास उभी राहू लागली, पण घरचा स्वयंपाक, धुणे, बाजाराची रांग यांतून तिची सुटका झाली नाही. राहावयाची जागा अपुरी. संततिनियमनाची साधने दुर्मिळ. तेव्हा मूल नको असेल तर गर्भपात हाच एक मार्ग तिच्या हाती उरला. १९६५ साली रुमानियात सुमारे ११ लाख गर्भपात झाले, म्हणजे एका जन्मामागे जवळजवळ चार. हा आकडा चांगला नव्हे. बाईच्या प्रकृतीलाही तो परवडणारा नव्हता. शहाण्या सरकारने यावरून एवढेच ओळखावयाचे होते की बायकांना साधने हवीत, जागा हवी, पाळणाघरे हवीत आणि घरात नवऱ्याचा हात हवा.

१९६५ च्या मार्चमध्ये निकोलाय चाउशेस्कू पक्षाचा प्रमुख झाला. देशाची लोकसंख्या तेव्हा १ कोटी ९० लाखांच्या आसपास होती. त्याला ती झपाट्याने वाढवून हवी होती. मोठे उद्योग उभारावयाचे तर कामाचे हात पाहिजेत, आणि मोठ्या राष्ट्राची ऐट मिरवावयाची तर डोकी पाहिजेत, असा त्याचा हिशेब. ऑक्टोबर १९६६ मध्ये हुकूम क्रमांक ७७० निघाला. गर्भपात बंद. अपवाद मोजके : बाईचे वय ४५ च्या वर असेल, तिला चार मुले झालेली असतील, जिवाला धोका असेल, बलात्कार झाला असेल, अशा काही गोष्टी. संततिनियमनाची साधने दुकानांत मिळेनाशी झाली. घटस्फोट इतका अवघड केला की १९६७ साली साऱ्या देशात अवघे ४८ घटस्फोट झाले. पंचविशी ओलांडलेल्या निपुत्रिक स्त्रीपुरुषांवर, लग्न झालेले असो वा नसो, जादा कर बसला. मूल न होणे हा जणू गुन्हा आणि त्याचा दंड पगारातून कापून घ्यावयाचा.

हुकुमाचा परिणाम लगेच दिसला. १९६६ साली देशात २ लाख ७३ हजार बालके जन्मली होती. १९६७ साली ५ लाख २७ हजार. एका वर्षात जवळजवळ दुप्पट! प्रसूतिगृहांत खाटा पुरेनात. ही पोरे शाळेच्या वयाची झाली तेव्हा वर्ग पुरेनात. त्या मुलांना रुमानियन भाषेत पुढे हुकुमाची पोरे असेच नाव पडले.

त्यांतील एका मुलीचे आयुष्य वयाच्या पायऱ्यांनी पाहू. मी कोणा एकीची हकिगत सांगत नाही. हजारोंची जी सरधोपट वाट होती ती सांगतो. १९७६ नंतर तर चार वर्षांच्या बालकांसाठीसुद्धा सरकारी संघटना होती. तिथे गणवेश घालून पक्षाची गाणी म्हणावयाची. सातव्या-आठव्या वर्षी गळ्यात लाल रुमाल बांधून बालवीरांच्या दलात प्रवेश. शाळेचा गणवेश, केसांना पांढरी पट्टी, बाहीवर शिवलेला क्रमांक. म्हणजे रस्त्यात कोणी मुलगी काही वावगे करताना दिसली तर नंबर टिपून घेता येई. शरद ऋतूत शाळा सोडून शेतावर बटाटे आणि मका काढावयास जावयाचे. चौदाव्या वर्षी तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेत नाव. आणि याच चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलगी वयात येते. पुढे काय हे तिला सांगणार कोण? शाळेत मातृत्व हे देशकार्य एवढेच ऐकू येई. संततिनियमनाचा शब्द पुस्तकात नाही, दवाखान्यात नाही. आई बोलावयास भिते, कारण तिचे स्वतःचे एखादे गुपित असते, आणि ते बाहेर फुटले तर तुरुंग. मग मुलगी शिकते ती कुजबुजीतून : अमकीच्या बहिणीने काय केले, तमकी रुग्णालयात का मेली.

राजवटीला मुलींचे कौतुक नव्हते असे नाही. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये नादिया कोमानेची या चौदा वर्षांच्या मुलीने कसरतीत पैकीच्या पैकी गुण मिळविले. ऑलिंपिकच्या इतिहासात असे प्रथमच घडले. सारे जग थक्क झाले आणि सरकारने तिला डोक्यावर घेतले. परंतु हीच नादिया मोठी झाल्यावर पहाऱ्यात राहिली, आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये रात्रीच्या अंधारात पायी सीमा ओलांडून हंगेरीत पळाली. ज्या देशात सर्वांत लाडक्या मुलीला पळून जावे लागते, तिथे चाळीत राहणाऱ्या मुलीचे काय होत असेल याची कल्पना करावी.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे वळतो. हुकुमाचा पहिला धक्का ओसरल्यावर जन्माचे प्रमाण पुन्हा उतरू लागले. १९६७ साली दर हजारी २७ जन्म झाले होते. १९८३ साली ते प्रमाण १४ वर आले, म्हणजे हुकुमापूर्वी होते तिथेच. कायदा तोच, शिक्षा त्याच, कर तोच. तरी बायकांनी मुले होऊ दिली नाहीत. याला काय म्हणावे? माझ्या भाषेत मी याला संप म्हणतो. त्याला ना पुढारी, ना पत्रक, ना घोषणा. लक्षावधी बायकांनी एकमेकींना न विचारता तो केला. पण आमच्या संपात कामगार पगार गमावतो; या संपात बाई जीव गमावीत होती. चोरून, अंधाऱ्या खोलीत, मिळेल त्या साधनाने गर्भ पाडला जाई. त्यातून रक्तस्राव झाला, विषबाधा झाली तर रुग्णालय गाठावयाचे. आणि तिथे पोलीस वा सरकारी वकील उभा. गर्भ पाडणारी कोण, तिचे नाव सांग, मग उपचार. नाव सांगितले तर मैत्रीण तुरुंगात, न सांगितले तर आपण स्मशानात. या तेवीस वर्षांत अशा तऱ्हेने मेलेल्या बायकांची सरकारी दप्तरातील संख्याच नऊ हजारांच्या वर आहे. दप्तरात न आलेल्या वेगळ्या. दर लाख जन्मांमागे मरणाऱ्या मातांची संख्या १९६६ साली सुमारे ८५ होती. १९८९ पर्यंत ती १५० च्या पुढे गेली. युरोपात इतके वाईट प्रमाण कुठेही नव्हते.

संप मोडावयाचा असला की मालक पाळत वाढवितो. इथेही तेच झाले. १९८४ पासून बंदोबस्त कडक झाला. पुढच्याच वर्षी अपवादाची अट चार मुलांवरून पाच मुलांवर गेली. आणि कारखान्याकारखान्यांतून बायकांची तपासणी सुरू झाली. कुठे महिन्याला, कुठे तीन महिन्यांनी. सगळीकडे सारखा कडकपणा नव्हता, कुठे कुठे डॉक्टर नुसता कागद भरून वेळ मारून नेई. पण जिथे बायकांची संख्या मोठी त्या कारखान्यांवर विशेष डोळा होता. कर्करोगाची तपासणी, स्त्रीरोगांची तपासणी, अशी नावे तिला दिलेली. खरा हेतू एकच : कोणाला दिवस गेले आहेत हे लवकर टिपणे, आणि पुढे ते मूल जन्मले की नाही हे पाहणे. डॉक्टरच्या हद्दीत जन्म कमी झाले तर त्याच्या पगाराला कात्री लागे. बायकांनी या पथकांना मासिक पाळीचे पोलीस असे नाव ठेवले होते. अठरा-वीस वर्षांची, नुकतीच कामाला लागलेली मुलगी पहिल्या पगाराबरोबर हा अनुभव घेत असे. मोठे होणे म्हणजे काय, याचा हा तिचा धडा.

इथे कोणीही विचारील : कारखान्यात युनियन नव्हती काय? होती तर! सगळ्या कामगारांची होती, देशभर एकच होती, आणि सभासद झाल्याशिवाय गत्यंतर नव्हते. पण ती सरकारची होती. तिचे काम उत्पादन वाढविणे, मिरवणुकीला माणसे नेणे आणि वरचा हुकूम खाली पोचविणे. मजूर आणि सत्ता यांच्यामध्ये उभे राहावयाचे ते सत्तेच्या कुशीत बसले होते. कुंपणच शेत खाऊ लागले म्हणजे राखणदार कोणाला म्हणावे? बाईला दवाखान्याच्या दारात थांबवून, ही माझी सभासद आहे, हिच्या अंगाला हात लावावयाचा नाही, असे म्हणणारा एकही माणूस त्या कारखान्यात नव्हता. माझ्या मते त्या देशातील बायकांच्या दुःखाचे एक मोठे मूळ इथे आहे. हुकूम बुखारेस्टमध्ये निघाला खरा. पण तो यंत्रापर्यंत पोचला तो मधला प्रत्येक दरवाजा आतून उघडलेला होता म्हणून.

खरी संघटना उभारण्याचा प्रयत्न कोणी केला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ऑगस्ट १९७७ मध्ये जिऊ नदीच्या खोऱ्यातील खाणकामगारांनी लुपेनी येथे संप केला. निवृत्तीचे वय वाढविल्याचा आणि अपंगांचे वेतन कापल्याचा राग होताच. पण त्यांच्या मागण्यांत खाणवाल्यांच्या बायकामुलींना काम मिळावे हीही एक मागणी होती. चाउशेस्कूला स्वतः तिथे जावे लागले. आश्वासने देऊन तो परतला, आणि मग पुढाऱ्यांची धरपकड झाली, शेकडोंची बदली झाली. १९७९ साली काही कामगार आणि बुद्धिवंत यांनी मिळून स्वतंत्र कामगार संघटना जाहीर केली. काही आठवड्यांतच ती चिरडली गेली. वासिले पारास्किव या कामगाराला तर स्वतंत्र संघटनेचा हट्ट धरल्याबद्दल वेड्यांच्या इस्पितळात डांबले. शहाण्याला वेडा ठरविणे ही त्या राजवटीची एक जुनी कला होती.

एका स्त्रीची हकिगत इथे सांगितली पाहिजे. हेर्टा म्युलर ही रुमानियातील जर्मन बोलणाऱ्या खेडुतांची मुलगी, जन्म १९५३. तिच्या आईला युद्ध संपता संपता रशियात नेऊन पाच वर्षे सक्तमजुरीला जुंपले होते. मुलगी शिकली आणि तिमिश्वारा शहरात यंत्रांच्या एका कारखान्यात भाषांतरकार म्हणून लागली. गुप्त पोलिसांनी तिला हेर होण्यास सांगितले. तिने सही करण्यास नकार दिला. मग छळ सुरू झाला. एके दिवशी तिची खोलीच काढून घेतली. कामावर आली नाही म्हणून काढावयाचे, हा डाव. ती रोज वेळेवर येई, जिन्याच्या पायरीवर हातरुमाल अंथरून, शब्दकोश मांडीवर घेऊन बसे आणि काम करी. हजेरी चुकवायची नाही! मग सहकाऱ्यांत अफवा पिकविली की हीच हेर आहे. जे करण्यास तिने नकार दिला त्याचाच ठपका तिच्यावर. शेवटी नोकरी गेली. १९८७ साली तिने देश सोडला. २००९ साली तिला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पायरीचे वर्णन तिने पारितोषिकाच्या भाषणात स्वतः केले आहे. कामाची जागा काढून घेऊन माणसाला स्वतः निघून जावयास लावणे, ही युक्ती आमच्याकडच्या कामगारांनाही अपरिचित नाही.

१९८० नंतरचे दशक तर हलाखीचे. परदेशी कर्ज फेडावयाचे म्हणून देशातले धान्य, मांस, लोणी बाहेर पाठविले गेले. पाव शिधापत्रिकेवर आला. हिवाळ्यात घरे थंडगार, वीज कापलेली. १९८३ साली तर टाइपरायटरसुद्धा पोलिसांकडे नोंदवावा असा हुकूम निघाला. पुढच्याच वर्षी आना ब्लांदियाना या कवयित्रीच्या चार कविता एका विद्यार्थी मासिकात छापून आल्या. सक्तीने जन्माला घातल्या जाणाऱ्या मुलांचा विषय त्यांतील एकीत होता. अंक परत गोळा केले गेले, तर लोकांनी त्या हातांनी उतरवून घेतल्या. पहाटे चारला दुधाच्या रांगेत उभी असणारी बाई, तीच दिवसा यंत्रावर, तीच तपासणीच्या खोलीत, तीच रात्री थंड स्वयंपाकघरात. आणि भिंतीवर तिच्या गौरवाचे चित्र. दहा मुलांच्या आईला वीरमाता ही पदवी होती. त्या मुलांना पोसण्याची सोय मात्र नव्हती. राजवट पडली तेव्हा देशातील अनाथगृहांत एक लाखाहून अधिक मुले होती, आणि त्यांतील बहुतेकांना आईबाप होते.

डिसेंबर १९८९ मध्ये तिमिश्वारात उठाव झाला. कारखान्यांतील कामगार रस्त्यावर आले, चौक भरून गेले. गोळ्या झेलणाऱ्या जमावात वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींची मोठी संख्या होती. ही तीच पोरे : १९६७, ६८, ६९ साली हुकुमाने जन्माला घातलेली. चाउशेस्कूने हात मागितले होते. हातांबरोबर डोकी येतात हे तो विसरला. २५ डिसेंबर रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या खटल्याला न्याय म्हणणे कठीण आहे. परंतु दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, नव्या सरकारने जे पहिले फर्मान काढले त्यात हुकूम क्रमांक ७७० रद्द झाला.

आमच्या चळवळीतील काही जणांना हा विषय रुचत नाही. लाल बावट्याखाली घडलेले हे, ते आपण का उकरावे, असे ते म्हणतात. माझे उत्तर असे की झेंड्याचा रंग पाहून दुःखाची मोजदाद करावयाची नसते. आणि हे फक्त त्या रंगाखाली घडते असेही नाही. आपल्याकडेच पाहा. रुमानियात गर्भपात बंद झाला त्याच १९६६ साली, डिसेंबरमध्ये, महाराष्ट्रातले मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने भारतात त्याला कायदेशीर मोकळीक द्यावी असा अहवाल दिला, आणि १९७१ साली तसा कायदा झाला. ही अभिमानाची गोष्ट. पण आणीबाणीत, १९७६ साली, याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अंमलात आले नाही. तिकडे सरकार म्हणाले, मुले झालीच पाहिजेत. इकडे म्हणाले, होता कामा नयेत. दोन हुकूम उलटे, पण हुकूम करणारा हात एकच. आणि हुकुमाचीही गरज लागतेच असे नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पाहणी २०१९ साली सरकारी समितीने केली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचा त्रास झाला की कामावर खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड. तिथे हुकूमशहा नव्हता. नुसता उचलीचा हिशेब होता. आणि तिथेही बाईच्या बाजूने दारात उभी राहील अशी संघटना पुरेशा बळाची नव्हती.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच. बाईच्या शरीराचा प्रश्न हा घरचा प्रश्न, तो युनियनच्या टेबलावर कशाला, असे म्हणू नका. पगार, बोनस, महागाई भत्ता यांच्या यादीत तो शेवटच्या ओळीत ढकलू नका. रुमानियातील हुकूम मोडला त्यानंतरच्या एका वर्षात तिथे मरणाऱ्या मातांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. त्या वर्षात नवे रुग्णालय बांधले नव्हते, नवे औषध निघाले नव्हते, देश तर हलाखीत होता. फक्त एक कागद फाडला होता. त्या कागदाविरुद्ध तेवीस वर्षे एकेकटी बाई लढली, आणि एकेकटी मेली. संघटना कशासाठी असते, असे मला कोणी विचारले तर मी हा इतिहास सांगतो.